गल्लीतल्या आडाचा निकाल

भूकंपानंतर आम्ही आधी पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. आम्ही म्हणजे आई आणि मी. वडील माळवदाखाली गेले. आमच्या भागात घरं तशीच असायची. दगडाच्या भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गार वाटायचं. त्या पहाटे आई आणि मी अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. त्या पहाटेबद्दल मी यापेक्षा जास्त लिहीत नाही.

शेडमध्ये लोकांनी आम्हाला पुष्कळ काही दिलं. साड्या दिल्या, भांडी दिली, ब्लँकेटं दिली. पाणी मात्र टँकरचं. टँकरचा हॉर्न वाजला की बायका हातातलं काम टाकून पळायच्या. आईला पळता येत नव्हतं असं नाही, पण तिला त्या पळण्याची लाज वाटायची. ती सगळ्यांच्या मागून चालत जायची आणि तळातलं गढूळ पाणी घेऊन यायची. एकदा ती घागर खाली ठेवून म्हणाली, "कापड मागून घेतलं, भांडं मागून घेतलं, ते ठीक हाय. पाणीबी मागून पिऊन राहिलो आपण. हे मला न्हाई जमायचं."

आणि आम्ही शहरात आलो.

शहरात ओळखीचं कुणी नव्हतं. जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत पत्र्याच्या पेट्या, बादल्या आणि पन्हळी तयार करणारं दुकान होतं. दुकानाच्या मागं एक खोली रिकामी होती. दुकानाचे मालक मुसलमान, निजामाच्या काळापासून त्यांचं घराणं त्याच गल्लीत. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, पुढं आम्हीही म्हणू लागलो. खोली बघायला गेलो तेव्हा आईनं भिंती बघितल्या नाहीत, मोरी बघितली नाही. दारातूनच मान वर केली.

"वर काय हाय?"

"पत्रा," चाचा म्हणाले.

"पत्र्यावर माती तर न्हाई ना?"

"बाई, पत्र्यावर माती कोन टाकतंय?"

"मग घेते."

"आन समोर आड हाय," चाचांनी जाताजाता सांगितलं, "भर उन्हाळ्यातबी पोहरा रिकामा येत न्हाई."

आई तिथंच थांबली. वळून आडापाशी गेली, वाकून खाली बघितलं. खाली पाणी चमकत होतं. ती बराच वेळ बघत राहिली. गाव सोडल्यापासून ती रडली नव्हती, तेव्हा रडली.

त्या आडाच्या पाण्यावर आमचं घर उभं राहिलं. आई आधी लोकांच्या घरी स्वयंपाक करायची. तेवढ्यात आमच्या शहरात क्लासेसची लाट आली. दहावी-बारावीला इथं शिकलं की पोरगं डॉक्टर होतं, इंजिनिअर होतं, असं गावोगाव पसरलं आणि पोरं येऊ लागली. मुरुडहून आली, उदगीर-निलंग्याहून आली, तिकडं नायगाव-धर्माबादहूनही आली. चाचांच्या पेट्या धडाधड खपू लागल्या, कारण प्रत्येक पोराला एक पेटी लागायची. पेटी घ्यायला आलेल्या बापाला चाचा विचारायचे, "पोरगं जेवनार कुठं?" आणि मागच्या खोलीकडं बोट दाखवायचे. आईची खानावळ अशी सुरू झाली. सगळ्यात आधी आला तो मुरुडचा एक पोरगा. काडीसारखा बारीक, चष्मेवाला. जेवताना पुस्तक मांडीवर ठेवायचा आणि आई ते काढून घ्यायची. या पोराचं पुढं काम आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आईच्या वरणाचं नाव झालं. तिचं म्हणणं, त्यात तिचं काही नाही, पाण्याचं आहे. आडाच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर आणि मऊ शिजते. बोअरचं पाणी जड, त्यात डाळ गॅसवर उकळत राहते आणि दाणा तसाच राहतो. मी पुढं विज्ञान शिकले आणि मला त्याचं कारण कळलं, पण कारण कळल्यानं डाळ काही जास्त चांगली शिजली नाही.

खानावळीवर माझं शिक्षण झालं. बी.एस्सी. नांदेडला केलं. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते आणि सांगताना खाली बघत नाही. पदवीचा कागद आईनं पत्र्याखाली भिंतीला लावला, देवांच्या शेजारी. मी परत आले, आमच्याच शहरात हायस्कूलला विज्ञान शिकवू लागले.

तोवर गल्ली ओळखू येईनाशी झाली होती. भूकंपानं लोकांना माळवदाची अशी भीती घातली होती की ज्याच्याकडं जरा बरे दिवस आले त्यानं आधी स्लॅब टाकला. मग स्लॅबवर स्लॅब चढले आणि घरांची होस्टेलं झाली. प्रत्येक होस्टेलला बोअर. एकाच्या बोअरला पाणी कमी झालं की शेजारचा त्याच्यापेक्षा खोल बोअर मारायचा. आणि पाऊस पडला की या सगळ्या स्लॅबांचं पाणी पाइपातून भदाभदा गटारात. जमिनीत काही उतरायलाच जागा नव्हती, गल्लीही सिमेंटची झाली होती.

आड खाली गेला. आधी मेमध्ये आटायचा, मग एप्रिलमध्ये, मग होळीलाच तळ दिसू लागला. आई टँकरचं पाणी घेऊ लागली. ते कुठल्यातरी बोअरचंच. डाळ शिजेना. पोरं तोंडावर काही बोलत नव्हती, पण ताटात वरण ठेवून उठू लागली. आईला ते सगळं दिसायचं.

त्याच वर्षी होळीच्या सुमाराला नगरपालिकेचा माणूस येऊन आडाच्या कठड्यावर पिवळ्या रंगानं फुली मारून गेला. कोरडा आड धोकादायक, तो बुजवायचा आणि तिथं क्लासला येणाऱ्या पोरांच्या गाड्या लावायला जागा करायची. आईनं फुली बघितली आणि मला म्हणाली, "आड गेला तर मी खानावळ बंद करनार. खळाखळा उकळलेलं पानी लोकांच्या पोरांना वरण म्हनून न्हाई वाढायची मी."

"मग करशील काय?"

"काय करायचं? तुझ्याकडं बसून खाईन." हे ती अशा आवाजात म्हणाली की तिच्यासाठी ते शेडमध्ये परत जाण्यासारखं आहे, हे मला समजलं.

नेमकं त्याच सुमाराला नगरपालिकेनं पर्यावरणासाठी नागरिकांची सल्लागार समिती नेमली. वरून पत्र आलं होतं, नेमावीच लागणार होती. आमचे नगरसेवक शाळेत आले.

"ताई, समितीत एक शिकलेली बाई पाहिजे. तुम्ही पदवीधर, शिवाय आपल्या वॉर्डातल्या. फार काही नाही, महिन्याला एक सही."

मी म्हटलं, "सहीच करायची तर शाळेत रोज करते. बोलू देणार असाल तर येते."

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

पहिल्या बैठकीला गेले तर आधी सत्कार. समितीच्या अध्यक्षांचा सत्कार, मग त्यांच्या हस्ते मुख्याधिकाऱ्यांचा, मग मुख्याधिकाऱ्यांच्या हस्ते आम्हा सदस्यांचा. शाल, नारळ, गुच्छ, फोटो. चहा आला आणि बैठक संपली. दुसऱ्या बैठकीला पाणीपुरवठ्याचे अभियंता नवे आले होते म्हणून त्यांचा सत्कार. मग वृक्षारोपण करावे, प्लॅस्टिक टाळावे, नागरिकांनी सहकार्य करावे, असं सगळं बोलून झालं. सगळं खरं होतं. पण ते ऐकून कुठं पानही हललं नसतं.

अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. आवाज खाली आणि नजर कडक. तिसऱ्या बैठकीत नारळ बाहेर निघाले तेव्हा मी उठून म्हटलं, "सर, माझं एक म्हणणं आहे. सत्कार शेवटी घेऊ, काही काम झालं तर. सुरुवातीला एकच विषय घ्या, मागच्या वेळी आपण सल्ला दिला त्याचं काय झालं."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"पोरांच्या वहीसारखं," ते म्हणाले. "आधी कालचा गृहपाठ दाखवा."

"हाव, तसंच."

"लिहून घ्या," ते कारकुनाला म्हणाले. तेव्हापासून आमच्या बैठकीत पहिला विषय तोच राहिला. आमच्या समितीकडं दुसरं काही नव्हतं. निधी नव्हता, अधिकार नव्हता, आम्ही कुणाला नोटीसही काढू शकत नव्हतो. तोच तोच प्रश्न दर महिन्याला त्याच माणसाला विचारणं, एवढंच आमच्या हातात होतं. पण चार लोकांसमोर तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की साहेब लोकही चुळबुळ करतात, हे मी तिथं शिकले.

मग मी आडाचा विषय काढला. म्हटलं, सगळ्या शहराचं एकदम करायला जाऊ नका, एक गल्ली घ्या. होस्टेलांच्या स्लॅबचं पाणी पाइपानं खाली आणायचं, वाळू, गिट्टी आणि कोळशाच्या टाकीतून गाळायचं आणि आडात सोडायचं. बघू काय होतं ते.

अभियंता साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, कोरड्या आडात उद्या कुणाचं लेकरू पडलं तर तुमची समिती येणार आहे का उत्तर द्यायला?"

"एक पावसाळा द्या," अध्यक्ष म्हणाले.

साहेबांनी विचार केला. "पुढच्या होळीला पाणी दिसलं तर जाळी बसवून आड ठेवू. तळ दिसला तर मी बुजवणार, मग मला कुणी थांबवायचं नाही."

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती कणीक मळत होती. "होळीला," एवढंच म्हणाली आणि मळत राहिली.

गल्लीतलं सगळ्यात मोठं होस्टेल आडाला लागूनच होतं. त्याचा मालक म्हणजे तोच मुरुडचा चष्मेवाला पोरगा. आता तो भौतिकशास्त्राच्या क्लासचा मालक होता, चांगला आडवा भरला होता, आणि सगळं शहर त्याला सर म्हणायचं. समितीतही होता. त्यानं आधी टाळाटाळ केली. मग आईनं त्याला जेवायला बोलावलं. काय बोलली ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी चाचांना पन्हळीची ऑर्डर आली.

चाचा वयानं थकले होते, पण पत्रा कापायला स्वतः बसले. पन्हळ लागली, पाइप लागला, टाकी भरली, पाइपाचं तोंड आडात सोडलं. समिती आली, सरांचा फोटो निघाला. वळवाची एक सर येऊन आडाच्या तळाशी हातभर पाणी आलं आणि सगळे खऱ्या पावसाची वाट बघू लागले.

आणि रविवार आला.

आमच्या शहरात रविवारी सकाळी सगळ्या क्लासेसची परीक्षा असते. परीक्षा सुटली की होस्टेलची पोरं आठवड्याचे कपडे घेऊन स्लॅबवर जातात, खाली मोरीत तेवढी जागा नसते. हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी दर रविवारी बघत होते, सर तिथंच राहत होते, चाचांची पन्हळ त्याच स्लॅबला लागली होती. कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आधी शेजारची बाई ओरडली, "अगं, आड उतू चाललाय!"

उतू कुठला जातो, तळाशी तेच हातभर पाणी होतं. पण त्या पाण्यावर पांढरा फेस चढला होता आणि टाकीच्या झाकणातूनही बुडबुडे येत होते. सगळी गल्ली गोळा झाली. वरून स्लॅबवरची पोरं वाकून बघत होती, हातात पिळलेल्या पँटी घेऊन. चाचा आडात डोकावून म्हणाले, "या अल्ला! मेरे निकाह के दिन भी ये कुआँ इतना साफ नहीं धुला था."

हसू आवरलं नाही कुणाला. आईला मात्र हसू आलं नाही. वर कपडे धुणं चालू असतानाच, फेस दिसायच्या आधी, तिनं त्या आडातलं थोडं पाणी काढून डाळ लावली होती. पोरं जेवायला बसली आणि एकानं ताटाचा वास घेतला.

"काकू, वरणाला साबणाचा वास येऊन राहिलाय."

आईनं सगळं वरण ओतून दिलं. त्या दिवशी पोरांना तिनं पिठलं करून वाढलं. माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

सोमवारी सरांनी पाइप काढून टाकला. "झालं तेवढं बस झालं, ताई. माझ्या होस्टेलचं नाव साबण पडलंय." पुढच्या बैठकीत मागच्या सल्ल्याचं काय झालं हा विषय आला तेव्हा साहेबांनी हसू दाबत सांगितलं, "सल्ल्याला फेस आला." सगळे हसले, मीही हसले. पण होळी पुढं दिसत होती. आडाला दुसरं कुठलं पाणी येणार नव्हतं.

आम्ही आड उपसून धुतला. पाइपाला झाकण लावायचं ठरलं, स्लॅब झाडून पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि मगच झाकण काढायचं, रविवारी तर काढायचंच नाही. उपाय सोपा होता. पण आता गल्लीतलं एकही होस्टेल पाइप लावायला तयार होईना. नोटीस आम्हाला काढता येत नव्हती, आणि नगरपालिकेनं काढलेल्या नोटिसा होस्टेलवाले भिंतीला पाल चिकटावी तशा चिकटवून ठेवायचे.

एका संध्याकाळी अध्यक्ष आणि मी चौकातून येत होतो. सगळ्या चौकात फ्लेक्स. निकाल नुकताच लागला होता. या क्लासची पोरं, त्या क्लासची पोरं, फोटो, गुण, आणि खाली सरांचा मोठा फोटो. लोक थांबून वाचत होते. आमच्या शहरात माणूस वर्तमानपत्र वाचणार नाही, पण निकालाचा फ्लेक्स उभा राहून वाचतो.

अध्यक्ष थांबले. "आपण निकाल लावला तर?"

"कुणाचा?"

"स्लॅबांचा."

पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फ्लेक्स लागला. फ्लेक्सला नगरपालिकेचीच परवानगी होती, ती आम्ही रीतसर अर्ज करून काढली होती. वर मथळा: 'पावसाचं पाणी, गल्लीचा निकाल'. खाली तीन गट. गुणवत्ता यादीत, उत्तीर्ण, आणि पुन्हा परीक्षेस बसावे. गुणवत्ता यादी रिकामी होती. उत्तीर्णमध्ये चाचांचं दुकान, कारण त्यांच्या पत्र्याचं पाणी त्यांनी स्वतःच्या पन्हळीनं खड्ड्यात सोडलं होतं. बाकी सगळी होस्टेलं तिसऱ्या गटात. आणि त्या गटात सगळ्यात वर, अध्यक्षांच्या आग्रहानं, नगरपालिकेची स्वतःची इमारत. तिच्या गच्चीचं पाणीही गटारातच जात होतं. "आधी स्वतःचा पेपर," अध्यक्ष म्हणाले होते, "नाहीतर लोक आपल्याला विचारतील."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, नगरपालिकेनंच नेमलेल्या समितीनं नगरपालिकेला नापास केलंय?"

"नापास नाही, साहेब. पुन्हा परीक्षेस बसावे."

"मुख्याधिकाऱ्यांनी वाचलंय ते."

"मग काय म्हणाले?"

साहेबांचा चढलेला आवाज खाली आला. मग म्हणाले, "हसले. आणि विचारलं, परीक्षा कधी आहे."

सरांची अवस्था त्याहून वाईट. त्यांच्याच क्लासची पोरं येता-जाता फ्लेक्स वाचत होती आणि वर्गात मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, तुमचा रिपीटरचा वर्ग कधीपासून?" ते दुपारी खानावळीत आले. दारात उभे राहूनच म्हणाले, "काकू, तुमच्या पोरीनं मला चौकात टांगलं."

आई ताटं पुसत होती. "बस आधी. जेवलास का?"

"जेवन राहू द्या. मी मुरुडहून आलो तेव्हापासून कधी नापास झालो न्हाई."

"कसा होशील? माझ्या वरणावर पास झालास तू." आईनं ताट त्याच्यासमोर ठेवलं. "हे बघ. डाळ शिजली का?"

त्यानं चमचा फिरवला. दाणे तसेच वर आले.

"टँकरचं पाणी हाय," आई म्हणाली. "तुझ्या स्लॅबवर पडतंय ते गोड पाणी गटारात जाऊन राहिलं, आन मी हे तुला वाढून राहिले. आता तूच सांग, नापास कोन?"

त्यानं ते ताट तसंच संपवलं. पोरं ठेवून उठत होती तेच वरण. जाताना चाचांच्या दुकानात थांबला.

पाइप परत लागला, या वेळी कुलूपवाल्या झाकणासकट. झाकणाची किल्ली आईकडं दिली, कारण रविवारी कुणी झाकण काढणार नाही याची खात्री तिच्याशिवाय कुणी देऊ शकत नव्हतं. सरांचं नाव गुणवत्ता यादीत गेलं, फोटोसकट, तो त्यांनी स्वतः आणून दिला. मग समोरच्या होस्टेलचा मालक आला, "आमचा पाइप त्यांच्यापेक्षा मोठा टाका." मग त्याच्या शेजारचा. नगरपालिकेच्या इमारतीच्या गच्चीचं पाणी तिच्या मागच्या जुन्या विहिरीत सोडलं, साहेबांनी स्वतः उभं राहून. आम्ही दर महिन्याला नवा फ्लेक्स लावला. त्यात वर चढलेली नावं खालीही यायची, कारण टाकीची वाळू धुतली नाही तर आम्ही गुण कापायचो. आमच्याकडं तेवढाच अधिकार होता आणि तो आम्ही पुरेपूर वापरला.

पाऊस आमच्याकडं भाद्रपदात जरा बरा झाला. फार नाही, आमच्याकडं फार कधी होत नाही. आई स्लॅब झाडायला पोरांना वर पाठवायची, पहिलं पाणी वाहू द्यायची, मग किल्ली घेऊन जायची. आडात पाणी पडतानाचा आवाज गल्लीभर ऐकू यायचा. पोरं अभ्यास सोडून बघायला यायची आणि आई त्यांना परत पाठवायची.

दिवाळीला पाणी दिसत होतं. संक्रांतीला दिसत होतं. त्यानंतर मी आडात बघणं सोडलं, भीती वाटायची. आई रोज बघायची आणि मला सांगायची नाही.

होळीच्या दिवशी साहेब आले, अध्यक्ष आले, सर आले. चाचांना खुर्चीवर बसवून आणलं. साहेब वाकून बघू लागले तसं आईनं त्यांना थांबवलं. "डोळ्यानं नगा बघू, साहेब. ऊन पडलं की कोरडा आडबी चमकतोय." तिनं पोहरा सोडला. रहाट गरगर फिरला, दोर सैल पडला आणि खालून डुबुक असा आवाज आला. सगळ्यांनी तो ऐकला. तिनं ओढून काढला, पोहरा काठोकाठ भरलेला होता.

साहेबांनी ओंजळ भरून घेतली, वास घेतला. "साबण नाही," ते म्हणाले, आणि प्यायले.

त्या दिवशी आईनं सगळ्यांना पुरणपोळी आणि आमटी वाढली. वरणही केलं होतं, होळीला कुणी करत नाही तरी. सरांनी पोळी बाजूला ठेवून आधी ते मागून घेतलं.

सगळ्या शहरात स्लॅबचं पाणी जमिनीत सोडायचा समितीचा सल्ला पुढं नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत गेला. चर्चा झाली, आरडाओरड झाली, एकदा पुढं ढकलला गेला, पण आमचा पहिला विषय तोच होता, मागच्या सल्ल्याचं काय झालं. शेवटी ठराव झाला. आमच्या बैठकीत त्या दिवशी शेवटी सत्कार घेतला. अध्यक्षांनी नारळ आईला द्यायला सांगितला. मी तो घरी नेला, तिनं तो फोडून चटणी केली.

चाचा आता नाहीत. त्यांचा मुलगा पेट्यांपेक्षा पन्हळी जास्त विकतो. आमच्या शहरात आता स्लॅबचं पाणी जमिनीत सोडल्याशिवाय नव्या होस्टेलला परवानगी मिळत नाही. आमच्या गल्लीतला आड बुजवला नाही. त्याला जाळी बसवली, आणि आईची खानावळ त्याच्याच पाण्यावर चालू आहे.